पहिल्या डोसात किडनी कुठे आहे?

औषधाचा डोस गणिताने कसा ठरवायचा, याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी आम्ही रचलेला रुग्ण असा होता. वय ५८, वजन ६० किलो, आयसीयूतला नववा दिवस, व्हेंटिलेटरवर. श्वासनलिकेतल्या स्रावाच्या कल्चरमध्ये असिनेटोबॅक्टर हा जंतू निघालेला, मेरोपेनेम या अँटिबायोटिकला अजिबात दाद न देणारा. कोलिस्टिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी किमान मात्रा) ०.५. रक्तदाब नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या आधारावर. क्रिएटिनिन २.६, म्हणजे किडनी खचलेली. प्रश्न एका ओळीचा: कोलिस्टिनचा पहिला डोस किती, पुढचे किती आणि किती तासांनी?

माणूस कागदावरचा असला तरी खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाने तो कुठल्या ना कुठल्या बेडवर पाहिलेला होता. म्हणून तर तो निवडला. वीस जण, पाच टेबलं. मेडिसिन आणि भूलशास्त्राचे रेसिडेंट, तीन क्लिनिकल फार्मासिस्ट, मायक्रोबायोलॉजीच्या दोन डॉक्टर, पीएचडी करणारे काही संशोधक (त्यातला एक संख्याशास्त्राचा, आयुष्यात वॉर्डात पाऊल न टाकलेला) आणि एक आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर. सिस्टरना बोलवायचं माझ्या एका सहकाऱ्याने सुचवलं होतं. गणित बघून त्या कंटाळतील असं मला वाटत होतं. माझा तो अंदाज साफ चुकला, पण ते शेवटी येईल.

दहा मिनिटांनी उत्तरं गोळा केली. तीन टेबलांनी पहिला डोस निम्मा केला होता. एकाने लोडिंग डोस, म्हणजे पातळी लवकर वर न्यायला दिलेला मोठा पहिला डोस, गाळून थेट कमी मात्रेवर सुरुवात केली होती. पूर्ण लोडिंग डोस एकाच टेबलाने लिहिला होता, आणि तोही खोडून पुन्हा लिहिलेला. कारण विचारलं तेव्हा एका रेसिडेंटने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, "मॅडम, किडनी बसलीय. भरलेला डोस कसा देणार?"

या एका वाक्यासाठी पुढचे दीड दिवस खर्च झाले.

आधीच्या वर्षीची चूक सांगायला हवी. तेव्हा मी सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली होती. सकाळी साडेनऊला सगळ्यांचे लॅपटॉप उघडले, आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर चढवायचं, पॅकेज उतरवायची, कुणाचं वायफाय नाही, कुणाचा पासवर्ड चालत नाही. जेवणापर्यंत पडद्यावर एक आलेख आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मी विचारलं, "ही रेघ इथे का वाकते?" कुणालाच सांगता आलं नाही. शरीरातल्या औषधाचं मॉडेल बांधणारी नॉनमेमसारखी साधनं १९८०च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोत लुईस शायनर आणि स्टुअर्ट बील यांनी घडवली ती एक अडचण सोडवायला: एकेका रुग्णाकडून दोन-चारच नमुने मिळतात, तरीही सगळ्यांचे मिळून लोकसंख्येचं चित्र काढायचं. ती अडचण ज्याला जाणवलेली नाही, त्याच्या हातात हे साधन म्हणजे नुसतं बटण. म्हणून या वेळी नियम केला: पहिल्या दिवशी जेवणापर्यंत लॅपटॉप बंद. फळा, खडू आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

औषध कोलिस्टिनच का? कारण त्याचा डोस कुणी कधी नीट शोधलाच नव्हता. १९४०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं, १९५९पासून वापरात आलं, आणि सत्तरच्या दशकात किडनीला त्रास देतं म्हणून मागे पडलं. तोवर जेंटामायसिनसारखी औषधं आली होती. मग कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटाला, न जुमानणारे जंतू पसरले आणि अडगळीतलं हे औषध पुन्हा बाहेर काढावं लागलं. पण आजच्या औषधाला बाजारात येण्याआधी जी डोस ठरवण्याची परीक्षा द्यावी लागते, ती याने कधी दिलेलीच नव्हती. युरोपातल्या लेबलवर एक मात्रा, अमेरिकेतल्या लेबलवर दुसरी, आणि एककंसुद्धा वेगळी.

शिवाय आपण देतो ते कोलिस्टिन नसतंच. व्हायलमध्ये असतं कोलिस्टिमिथेट सोडियम, म्हणजे सीएमएस. ते स्वतः जंतू मारत नाही. शरीरात हळूहळू त्यातलं काही कोलिस्टिनमध्ये बदलतं, आणि बरंचसं बदलण्याआधीच लघवीतून निघून जातं.

समजावायला फळ्यावर दोन माठ काढले. वरच्या माठाला दोन तोट्या. एक तोटी मोरीत उघडते, ती किडनी. दुसरी खालच्या माठात थेंब थेंब पाडते, ते रूपांतर. खालच्या माठाला तळाशी एक बारीक भोक. आपण ओततो वरच्या माठात, आणि जंतू मरतात ते खालच्या माठातल्या पाण्याने. हे चित्र दोन्ही दिवस पुसू दिलं नाही.

आता अथेन्स. २००९ साली अथेन्समधल्या आणि स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून १८ अत्यवस्थ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोस दर ८ तासांनी ३ मिलियन युनिट, म्हणजे २४० मिलिग्रॅम सीएमएस. रक्तातलं सीएमएस आणि त्यापासून झालेलं कोलिस्टिन त्यांनी वेगवेगळं मोजलं आणि दोन्हींचं मिळून मॉडेल बांधलं. सीएमएसचा अर्धायुकाल, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, २.३ तास निघाला. कोलिस्टिनचा १४.४ तास. कोलिस्टिनचं क्लिअरन्स, म्हणजे ते शरीरातून निघून जाण्याचा वेग, ताशी ९.०९ लिटर; आकारमान, म्हणजे ते जितक्या जागेत पसरतं ती जागा, १८९ लिटर. या आकड्यांवरून त्यांनी सांगितलं की पहिल्या डोसनंतर कोलिस्टिन जास्तीत जास्त ०.६० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चढेल, आणि सगळं स्थिरावल्यावर २.३पर्यंत.

टेबलांना मी एवढेच आकडे दिले आणि म्हटलं, स्थिरावलेली पातळी तुम्ही काढा. सूत्र साधं: ताशी किती औषध आत येतं, भागिले ताशी क्लिअरन्स.

पाच टेबलांकडून तीन उत्तरं आली. एक ३.३. दुसरं १.४. तिसरं २.२.

पहिल्यांनी २४० मिलिग्रॅम तसेच घेतले. दुसऱ्यांनी ३ मिलियन युनिटचं रूपांतर अमेरिकन पद्धतीच्या कोलिस्टिन बेस अ‍ॅक्टिव्हिटीत केलं. १ मिलियनला सुमारे ३३ मिलिग्रॅम, म्हणून १००. तिसऱ्यांनी रेणुभार काढला: सीएमएसचा सुमारे १७४३, कोलिस्टिनचा ११६३, म्हणून २४०चे १६०. एकाच व्हायलमधून तीन वेगळी वजनं. कुठलं बरोबर, हे कुणी शपथेवर सांगायची गरज नव्हती. अथेन्सच्या २.३शी जुळणारं २.२ आलं ते रेणुभाराच्या हिशेबाने.

इथे अर्धा तास गेला आणि तो जाऊ दिला. कारण ही गफलत वर्गातली नाही, वॉर्डातली आहे. २०१३मध्ये इटलीतल्या प्रातो इथे जमलेल्या तज्ज्ञांना डोस कुठल्या एककात लिहायचा यावर एकमत घडवायला वेगळं निवेदन काढावं लागलं. आपल्याकडे तर आणखी एक पायरी वाढते. राउंडला डॉक्टर म्हणतात "नाइन मिलियन", व्हायलवर आकडा १० लाखांचा असतो, आणि मधलं भाषांतर रात्रपाळीच्या डोक्यात होतं. १ मिलियन म्हणजे १० लाख. हे सगळ्यांना माहीत असतं आणि पहाटे चार वाजता कुणालाच माहीत नसतं. त्या क्षणापासून आम्ही फळ्यावर फक्त लाख लिहायचं ठरवलं.

जेवणानंतर लॅपटॉप उघडले. तेही एक्सेलच. एका रांगेत वेळ, शेजारी वरचा माठ, त्याच्या शेजारी खालचा. अर्ध्या अर्ध्या तासाने काय निघालं, काय पडलं. संख्याशास्त्राच्या मुलाने आडवळण टाळून सरळ समीकरण लिहिलं, बाकीच्यांनी रांगा ओढल्या. ३० लाखांचा एक डोस घातला. खालच्या माठाची पातळी सावकाश चढत गेली, सातव्या तासाच्या आसपास टोकाला पोहोचली आणि उतरू लागली. टोक ०.६०.

खोली गप्प झाली. अथेन्सचं मूळ मॉडेल आमच्यापेक्षा गुंतागुंतीचं, त्यात सीएमएसचेही दोन कप्पे. तरी दोन माठांच्या एक्सेलने छापलेला आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत काढून दाखवला. मग दर ८ तासांनी डोस ओढत नेले. स्थिरावल्यावर पातळी २.०५ आणि २.२८च्या मध्ये हलत राहिली. ज्या रेसिडेंटने सकाळी किडनीचं वाक्य म्हटलं होतं, तो पडद्याजवळ जाऊन बोटाने रेघ मोजत होता. "मॅडम, २ला पहिल्यांदा शिवते ती ४३व्या तासाला."

मी काही बोलले नाही. तोच पुढे म्हणाला, "म्हणजे सोमवारी रात्री सुरू केलं, तर बुधवारी संध्याकाळी."

सेप्टिक शॉकमधल्या, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या, माणसाला ते ४३ तास कसे जातात, हे त्या खोलीत कुणाला सांगावं लागलं नाही. आणि वर्षानुवर्षं हे औषध असंच, लोडिंग डोसाविना दिलं जात होतं.

आता फळ्यावर दोन गुणाकार मांडले. हवी ती पातळी २ धरली, कारण २०१९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात कोलिस्टिनची सरासरी पातळी तेवढी ठेवायला सांगितली आहे. पहिला गुणाकार पहिल्या डोसाचा: पातळी गुणिले आकारमान. २ गुणिले १८९, म्हणजे ३७८ मिलिग्रॅम कोलिस्टिन, म्हणजे सीएमएसचे सुमारे ७१ लाख. माठ भरेपर्यंत खालून गळतीही चालूच असते, म्हणून प्रत्यक्षात ९० लाख. दुसरा गुणाकार पुढच्या डोसांचा: पातळी गुणिले क्लिअरन्स गुणिले वेळ. २ गुणिले ९.०९ गुणिले २४, दिवसाला ४३६ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ८२ लाख.

खडू खाली ठेवून विचारलं, "पहिल्या गुणाकारात किडनी कुठे आहे?"

कुठेच नाही. माठ किती मोठा आहे एवढंच पहिल्या डोसाने विचारायचं. गळती किती आहे हे पुढच्या डोसांनी विचारायचं. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला हे सगळे शिकतात, परीक्षेत लिहितात, आणि क्रिएटिनिनचा लाल आकडा दिसला की विसरतात. यात मला रेसिडेंटचा दोष फारसा दिसत नाही. कोलिस्टिनने किडनी गेलेले रुग्ण त्यांनी पाहिलेले असतात. कमी डोसाने गेलेला रुग्ण मात्र "सेप्सिसने गेला" म्हणून नोंदला जातो. एका चुकीवर नाव लागतं, दुसरीवर लागत नाही.

९० लाखांचं लोडिंग आणि मग दर १२ तासांनी ४५ लाख असं शीटमध्ये घातलं. चौथ्या तासाला १.६, सातव्याला १.८, आणि दुसऱ्या डोसानंतर चौदाव्या तासाच्या आसपास २ पार. ४३ऐवजी १४. चौथ्या तासाला लोडिंगविना पातळी किती होती, असं एका फार्मासिस्टने विचारलं आणि स्वतःच काढलं: ०.५३.

पहिला दिवस इथे संपवायचा होता. संपला नाही, कारण संख्याशास्त्राचा मुलगा अडून बसला. "मॅडम, माणसात १८९ लिटर कुठून आले?"

या प्रश्नाची मी वाट बघत होते, पण तो डॉक्टरांकडून येईल असं वाटलं होतं. ६० किलोच्या माणसात १८९ लिटर मावत नाहीत. हा खरा आकारच नाही. सीएमएसपैकी किती अंश कोलिस्टिन होतो हे कुणी सरळ मोजलेलं नाही, म्हणून तो अज्ञात अंश या आकड्याच्या पोटात दडलाय. समजा एक तृतीयांशच बदलतं, तर खरं आकारमान ६३ लिटर.

"मग त्या अंशात किडनी आहे," तो म्हणाला. "मोरीची तोटी बंद झाली तर खालच्या माठात जास्त पडणार. म्हणजे तुमच्या पहिल्या गुणाकारात किडनी आहे. लपलेली."

वॉर्ड न पाहिलेल्या मुलाने माझा फळा उलटवला होता. आणि त्याचं बरोबर होतं. कोलिस्टिन स्वतः किडनीवाटे फारसं बाहेर जात नाही, किडनी ते परत शोषून घेते. तरीही किडनी निकामी झालेल्या रुग्णात कोलिस्टिन वाढतं, ते याच कारणाने: सीएमएसला निघून जायला वाट नसते, मग ते बदलत बसतं. मी त्याला म्हटलं, रात्री हे शीटमध्ये घालून आण.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते आणलं. एक तृतीयांश रूपांतर धरून मोरीची तोटी चतुर्थांशावर आणलेली. दोन्ही गृहीतकं, मोजलेलं काही नाही, हे त्याने वरच लिहिलं होतं. ही सवय मला डॉक्टरांमध्ये क्वचितच दिसते. ९० लाखांनंतर या रुग्णात चौथ्या तासाला २.१, आणि अकराव्या तासाला जवळपास ३. निम्मा डोस दिला तर चौथ्या तासाला १, आणि अकराव्याला टोक १.५.

आता वाद खरा रंगला. कोलिस्टिनची पातळी साधारण २.५च्या वर राहिली की किडनीला इजा होण्याचा धोका वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग निम्मा डोस लिहिणारी तीन टेबलं बरोबर होती का? एक रेसिडेंट तर विजयी मुद्रेने बसला.

मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टरांनी त्याला थांबवलं. "१.५ कशावर पुरेल? न्यूमोनिया आहे, फुप्फुसात रक्तापेक्षा कमीच पोहोचतं. आणि २०२०पासून सीएलएसआय या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने कोलिस्टिनला 'ससेप्टिबल', म्हणजे जंतू दाद देतो, हा शिक्काच ठेवलेला नाही. एमआयसी २ किंवा त्याखाली असलं तरी 'इंटरमिजिएट'. मी ०.५ असा रिपोर्ट पाठवते तेव्हा तुम्ही तो हिरवा कंदील समजता." त्यांना आणखी बोलायचं होतं, दोन औषधं एकत्र द्यावीत का, त्याच जातीचं पॉलिमिक्सिन बी का नाही. ते आधीच सक्रिय रूपात असतं, माठांचा घोळ नाही, आणि २०१९च्या मार्गदर्शनात अशा गंभीर संसर्गासाठी त्यालाच पसंती आहे, हेही खरं. पण त्या दिवशीचा प्रश्न तो नव्हता.

दुसरा मुद्दा मीच मांडला. किडनीच्या इजेशी जोडलेले आकडे हे स्थिरावलेल्या पातळीचे आहेत, एका रात्रीच्या टोकाचे नाहीत. म्हणून तेच मार्गदर्शन लोडिंग डोस किडनीकडे न बघता पूर्णच द्या म्हणतं. पण पुढचा डोस १२ ते २४ तासांनी सुरू करा, असंही म्हणतं. ती सूट कशाला ठेवलीय हे मला स्वतःला त्या सकाळपर्यंत एवढं स्पष्ट दिसलं नव्हतं. त्या मुलाच्या शीटमध्ये चोविसाव्या तासाला, दुसरा डोस न देताही, पातळी २.१५ होती.

म्हणजे या रुग्णात किडनीला विचारायचं होतं, पण दुसऱ्या डोसाच्या वेळेबद्दल.

मग पुढचे डोस. वय, वजन, क्रिएटिनिनवरून किडनीचं क्लिअरन्स मिनिटाला २६ मिली आलं. आयसीयूत क्रिएटिनिन रोज हलतं, त्यामुळे हा आकडा कालचा असतो, हे गृहीत धरूनच. मार्गदर्शनातल्या तक्त्यात २० ते ३०च्या गटाला दिवसाला ५३ लाख. ९०च्या वर क्लिअरन्स असेल तर १०९ लाख. आणि किडनी पूर्ण बंद असेल तरी सुमारे ४० लाख. किडनी शंभरावरून शून्यावर आली तरी डोस तिपटीनेही बदलत नाही, कारण खालच्या माठाचं भोक किडनीत नाहीच. हा तक्ता भिंतीवर लावायच्या लायकीचा आहे. उलट ज्यांच्या किडन्या उत्तम, त्यांच्यात हा डोस देऊनही अर्ध्याहून कमी जण २ची पातळी गाठतात. २१५ रुग्णांच्या २०१७च्या विश्लेषणात हे दिसलं होतं. तरणाताठा अपघाती रुग्ण, क्रिएटिनिन ०.६, त्याचं औषध लघवीतून वाहून चाललंय, आणि राउंडला सगळे खूश की किडनी छान आहे!

दुपारी शेवटी आर उघडलं, तेही मोजक्यांसाठी. हजार कल्पित रुग्ण, प्रत्येकाचं क्लिअरन्स थोडं वेगळं, आणि एका रेघेऐवजी रेघांचं झाडू. मी तासाभरात उरकलं. झाडू दाखवण्याआधी मात्र खरे आकडे फळ्यावर लिहिले होते. अथेन्समधल्याच १० रुग्णांना ६० लाखांचं लोडिंग दिलेला अभ्यास २०१२ साली आला. सरासरी टोक १.३४. आमच्या शीटप्रमाणे १.२ यायला हवं, म्हणजे फार लांब नाही. पण एकेका रुग्णाचं टोक ०.३७पासून २.५९पर्यंत. डोस एकच, आणि फरक सात पट.

"मग एवढं गणित करून उपयोग काय?" भूलशास्त्राच्या एका डॉक्टरांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात त्रागा नव्हता, खरा प्रश्न होता.

उत्तर एका वाक्याचं नाही. गणित सांगतं की मधली रेघ कुठे आहे आणि तिच्याभोवतीचा पट्टा किती रुंद. पट्टा एवढा रुंद असेल तर रक्तातली पातळी मोजायला हवी. ती मोजायची तर प्रश्न प्रयोगशाळेचा होतो, आणि इथे सगळ्या मॉडेलरांना एक ऐकून घ्यावं लागतं: नमुना ट्यूबमध्ये असतानाही सीएमएस बदलतच असतं. बर्फात ठेवला नाही, लगेच सेंट्रिफ्यूज केला नाही, खोल गोठवला नाही, तर जे कोलिस्टिन मोजाल त्यातलं काही रुग्णात नव्हतंच, ट्यूबमध्ये झालेलं असतं. जुन्या जैविक चाचण्यांना तर हा भेद करताच येत नव्हता. मोजता मोजताच सीएमएसचं कोलिस्टिन होत होतं. पन्नास वर्षं डोस का सापडला नाही, त्याचं अर्धं उत्तर त्या ट्यूबमध्ये आहे. एका संशोधक मुलीने विचारलं, वॉर्डातून लॅबपर्यंत नमुना पोहोचायला किती वेळ लागतो? कुणालाच नक्की सांगता येईना. सिस्टर म्हणाल्या, "नमुने नेणारे मामा जेवायला गेले असतील तर दीड तास."

दोन दिवसांत सिस्टर तोपर्यंत फारशा बोलल्या नव्हत्या. आता फळ्यावर उत्तर पक्कं होत होतं. लोडिंग ९० लाख. दुसरा डोस चोवीस तासांनी. मग दिवसाला ५३ लाख, दोन भागांत, दर १२ तासांनी २६.५ लाख.

"२६.५ कसे काढायचे?" त्यांनी विचारलं. "व्हायल १० लाखांची. दोन पूर्ण, आणि तिसरी २ मिलीत विरघळवून त्यातलं १.३ मिली घ्यायचं?"

"हो, तसंच," एक रेसिडेंट म्हणाला.

"रात्री तीनला, डॉक्टर? चार व्हेंटिलेटर आणि दोन सिस्टर?"

शीट पुन्हा उघडली. २५ लाख घातले: पातळी सहा टक्क्यांनी कमी. ३० लाख घातले: तेरा टक्क्यांनी जास्त. सात पटींच्या पट्ट्यात हे फरक दिसतही नाहीत. क्रिएटिनिन चढतंय म्हणून २५ ठरलं, म्हणजे अडीच व्हायल. फळ्यावरचा दशांश सिस्टरनी स्वतः पुसला.

"आणि पहिल्या डोसाच्या नऊ?"

"त्या पूर्ण," पहिल्या सकाळी किडनीचं वाक्य म्हणणारा रेसिडेंट म्हणाला. "त्यात काही कमी नाही करायचं."

"मी कमी नाही करत हो. पण रात्री स्टोअर एका इंडेंटवर, एका मागणीच्या चिठ्ठीवर, तीनच व्हायल सोडतं. बाकीच्या सकाळी साडेनऊला."

खोलीतले सगळे सिस्टरकडे बघत राहिले. रात्री दहाला सुरू केलेल्या रुग्णाला तीन व्हायल, म्हणजे ३० लाख, म्हणजे तीच ०.६०ची रेघ. टेबलांनी पहिल्या सकाळी चुकीने लिहिला तसा अपुरा डोस कितीतरी रात्री कुणी न लिहिताच दिला गेला असणार.

शेवटचा पाऊण तास ठरलं होतं त्यापेक्षा वेगळाच गेला. आर बंद झालं, आणि दोन फार्मासिस्ट, सिस्टर आणि तो रेसिडेंट मिळून इंडेंटचा नवा नमुना लिहीत बसले. पहिल्या ओळीत आलं: कोलिस्टिमिथेट, १० लाखांच्या व्हायल, नग ९, लोडिंग डोस, एकाच वेळी.